डाव्या कानाचं टोक

"ऑपरेशन करायच्या आधी मांजरीला विचारलं होतं का?" हा प्रश्न मी शिवणकाकूंना विचारायचा, तोही मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, अशी पैज लंबू आणि चष्मिष या माझ्या दोन जिवलग शत्रूंनी लावली होती. मी तो विचारला. या वर्षी मी असल्या गोष्टींना मागे हटत नाही. शिवणकाकू म्हणजे शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानात आमचे गणवेश शिवणाऱ्या बाई. त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, दुकानाच्या पाटीवरही नुसतं 'शिवणकाम' एवढंच लिहिलंय. त्या दिवशी त्या उपाहारगृहामागच्या कुंपणापाशी उकिडव्या बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी तशीच, हातात माशाच्या तुकड्यांची वाटी. पलीकडे मोडक्या बाकांच्या ढिगावर सात-आठ मांजरं, आपला या बाईंशी काडीचाही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. काकू ही मांजरं पकडून नेतात, त्यांना आणखी पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून आणतात आणि पुन्हा इथेच सोडतात, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. लंबूच्या मते ते पाप, चष्मिषच्या मते विज्ञान. माझं काहीच मत नव्हतं, पण मत नाही म्हणून मी गप्प बसते असं नाही. कंबरेवर हात ठेवून मी खणखणीत विचारलं आणि मागे खिदळणं सुरू झालं. काकूंनी मान वर केली नाही. वाटीतला शेवटचा तुकडा कुंपणापलीकडे टाकला, बोटं गवताला पुसली आणि म्हणाल्या, "नाही विचारलं. मला कुठे त्यांची भाषा येते? तुझं तोंड बरं चालतंय. शनिवारी सकाळी सातला ये आणि तूच विचार."

त्याबरोबर खिदळणाऱ्यांनी बाजू बदलली. लोक किती पटकन बाजू बदलतात, मला कौतुकच वाटतं. पैज मी जिंकले होते, तरी गणिताच्या अख्ख्या तासाला ते उत्तर मला टोचत राहिलं, सदऱ्याच्या आतल्या बाजूला राहून गेलेल्या टाक्याच्या दोऱ्यासारखं. प्रश्न मी हसवण्यासाठी विचारला होता आणि बाईंनी तो खराच धरला होता. खरं म्हणजे मला बोलायची सवय होऊन जेमतेम एक वर्ष झालंय. चौथीत असताना आम्ही घर बदललं, शाळा बदलली, आणि नव्या वर्गात मी जवळजवळ वर्षभर एक अक्षर बोलले नाही. रुसवा नव्हता, आजार नव्हता. सकाळी वर्गाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की घशात कुणीतरी कडी घालायचं आणि संध्याकाळी घराच्या जिन्यात ती निघायची, बस्स. प्रगतिपुस्तकात लिहून आलं, 'अतिशय शांत व गुणी.' आईनं ते पान पाहुण्यांना दाखवलं. पुढेही मी शांत व गुणीच राहिले, कारण एकदा शिक्का बसला की माणूस त्याला जागतो. मग गेल्या वर्षी नाटकात दारवानाचं काम करणारी मुलगी आजारी पडली आणि तिचा अंगरखा मला बसत होता म्हणून मला उभं केलं. एकच वाक्य होतं. "महाराज, दारात कुणी आलंय." ते मी म्हणाले, आणि महाराज पुढचं विसरले. सगळीकडे शांतता. मला शांततेची इतकी सवय होती, की तिला पहिल्यांदाच कंटाळून मी म्हणाले, "आणि ते ताटकळलेत." सभागृह असं हसलं की पडद्याच्या दोऱ्या हलल्या असतील. तेव्हापासून तोंडाला कुलूप नाही. आई म्हणते, दहा वर्षांचं साठलेलं एका वर्षात काढू नकोस. पण मला ते काढायला इतकं बरं वाटतं!

शनिवारी सातला मी गेले. लंबू आणि चष्मिषला सांगितलं नाही. काकूंच्या दुकानात पिंजरे एकावर एक रचलेले होते आणि प्रत्येकाला कापडाची खोळ होती, आमच्याच गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांची. बाह्यांचा निळा, स्कर्टाचा करडा, एकीवर तर शाळेचं बोधचिन्हसुद्धा उलटं शिवलेलं. म्हणजे मांजरं आमच्याच शाळेत होती म्हणायची. प्रत्येक पिंजऱ्याच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, कारण काकू मांजरांना नावं देत नाहीत. नाव दिलं की हात थरथरतो, त्या म्हणाल्या, आणि माझा धंदा हाताचा आहे. मग मला काम शिकवलं. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र. माशाचे तुकडे दारापासून आतपर्यंत, पहिला चिमूटभर, शेवटचा मोठा. आत एक पत्रा असतो, त्यावर पाय पडला की मागे दार पडतं. दार पडलं की मांजर वेड्यासारखं जाळीवर आदळतं, तेव्हा धावायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही, खोळ टाकायची. अंधार झाला की ते थांबतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काकू म्हणाल्या, बघायचं नाही आणि बोलायचं नाही. एवढं सांगून त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की त्यांना माझी दया येत असावी.

पण मला जमलं. मोडक्या बाकांच्या ढिगापासून दहा पावलांवर आम्ही दोघी जमिनीवर बसलो, पाठ मांजरांकडे, आणि मी तासभर बोलले नाही. ही शांतता चौथीतल्या शांततेसारखी नव्हती. ती आतून बंद होती, ही उघडी. हिच्यात आवाज येत-जात होते, उपाहारगृहाच्या मोरीतलं पाणी, लांबच्या रस्त्यावरचा भोंगा, काकूंच्या गुडघ्याचा कटकन आवाज. मग खाटकन दार पडायचं. मग धडधड, धडधड, आणि काकू उठून खोळ टाकायच्या आणि धडधड थांबायची, कुणी गाण्याचा आवाज कमी केल्यासारखी. चार मांजरं झाली. काहींनी खोळीतूनही फिस्कारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाचव्या पिंजऱ्याचं दार पडलं तेव्हा मात्र काहीच आवाज झाला नाही. काकू म्हणाल्या, रिकामाच पडलेला दिसतोय. मी वाकून पाहिलं. आत एक इवलीशी करडी मांजरी बसली होती, चारही पाय अंगाखाली घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. फिस्कारली नाही, आदळली नाही, नखं काढली नाहीत. नुसती बघत राहिली. माझ्या छातीत असं काही झालं की ते लिहायला मला अजून शब्द मिळालेला नाही. आपल्याला कुणीतरी निवडलंय असं वाटलं. खेळाच्या तासाला संघ पाडताना मी नेहमी शेवटून दुसरी उरायचे, त्यामुळे निवडलं जाणं मला चांगलं ओळखता येतं, असा माझा समज होता. कडीला पिवळा दोरा होता. मी मनातल्या मनात तिला पिवळी म्हटलं. करड्या मांजरीला पिवळी.

रस्त्यावरच्या मांजरांसाठी प्राण्यांच्या डॉक्टरबाई शनिवारची सकाळ मोकळी ठेवतात. काकू बाहेर टेम्पोतून पिंजरे उतरवत होत्या आणि मी आत पिवळीपाशी होते. तिला भूल दिलेली होती, काट्यावर आडवी, वजन एक किलो शंभर. काकूंनी येताना वाटेत सांगितलं होतं, पिल्लू आठ-नऊ आठवड्यांपर्यंतचं असेल तर माणसाळतं, त्याला घर शोधता येतं. त्याहून मोठं, चार-पाच महिन्यांचं असलं तर रस्ताच त्याचं घर, ऑपरेशन करून परत सोडायचं. वजनावर जाऊ नकोस, उपाशी पिल्लं लहानच दिसतात, दात बघ. आता आमच्या घरात दातांना चेहऱ्यापेक्षा जास्त मान आहे. आई दंतवैद्याकडे मदतनीस आहे. माझे दुधाचे सगळे दात तिनं एका डबीत तारखेनिशी ठेवलेत. मला दात कळतात. पिवळीचा ओठ भुलीत एका बाजूला सरकला होता आणि मी वाकून पाहिलं. पुढचे मधले दात रुंद होते, नवे, कडेला कण्यांसारखे दोन दुधाचे उरलेले. म्हणजे चार महिने. नक्की चार महिने, कदाचित वर पंधरा दिवस. डॉक्टरबाई पलीकडे पाठमोऱ्या हात धूत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "हिचा कान कापायचा का?"

ऑपरेशन करून परत सोडायच्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक भुलीतच सरळ कापतात. दुखत नाही, पण मग जन्मभर लांबून कुणालाही कळतं की हिचं झालंय, हिला पुन्हा पकडू नका. जी घरी जाणार तिचंही ऑपरेशन होतं, पण कान राखतात. इतका साधा प्रश्न होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजनावरून तर लहान वाटते, दात पाहिलेस का? पिवळीचा पंजा माझ्या तळहातावर होता, खालची गादी गुलाबी, गरम. मी म्हणाले, पाहिले. दुधाचे आहेत. कान नको, घरी जाणार आहे. माझा आवाज असा ठाम निघाला की डॉक्टरबाईंना बघावंसं वाटलं नाही. ठाम आवाजाचं हे मला नव्यानंच कळत होतं, लोक तपासत नाहीत. काकू आत आल्या तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिवळीकडे, आणि म्हणाल्या, "बरं. तू दात पाहिलेस ना, मग झालं."

घर मिळेपर्यंत पिवळी आमच्याकडे राहणार म्हटल्यावर घरी आधी मोठं युद्ध होईल असं वाटलं होतं. झालं नाही. आईनं फक्त दोन अटी घातल्या, माझ्या खोलीबाहेर नाही आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. बाबा बस आगारात वेळापत्रकं बनवतात. त्यांनी ताबडतोब पिवळीचं वेळापत्रक केलं, खाणं, शू-शीची माती बदलणं, औषध, आणि ते माझ्या दारावर चिकटवलं. पिवळी मात्र त्यात एकाच थांब्यावर उभी होती, पुस्तकांच्या कपाटाखाली. पहिला आठवडा ती तिथून हलली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी पोटावर झोपून हात आत घातला आणि तिच्या पाठीवर ठेवला, आणि तिनं ठेवू दिला. मी ओरडलेच. बाबा धावत आले. मग आई आली. आम्ही तिघं फरशीवर पालथे पडून कपाटाखाली बघतोय आणि माझा हात मांजरीच्या पाठीवर, असं ते दृश्य. आई कुजबुजली, किती गुणी आहे गं, हूं नाही की चूं नाही. त्यानंतर आईनंच वाटी बदलली, कारण स्टीलच्या वाटीचा आवाज होतो. ज्या बाईनं एकदा पालीमुळे घर सोडायची धमकी दिली होती, ती. बाबा रोज संध्याकाळी बंद दाराबाहेरून तिला त्या दिवशी कुठली बस किती उशिरा आली ते सांगायचे. त्यांनी जुन्या खणाचं लाकूड तासून तिच्यासाठी खोका करायला घेतला होता, गोल दार, वर उघडणारं झाकण. आमच्या घरात इतक्या दिवसांनी तिघं एका गोष्टीभोवती जमलो होतो. मी लंबू आणि चष्मिषला सांगितलं, पिवळी मला हात लावू देते. सगळ्यांना हात लावू देते. लंबू म्हणाली, मग ती मांजर नसेल. मला राग आला, पण लंबूवर आपण रागावतोच.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू आल्या. दर पिल्लाला बघायला त्या जातातच, आणि पिवळीला घर शोधायची वेळ झाली होती, जरी आमच्या घरात ते शोधणं केव्हाच संपलं होतं. त्या फरशीवर बसल्या, पाय पसरून, भिंतीला टेकून. कपाटाखाली हात घातला नाही. मी घातला आणि दाखवलं, हे बघा, काही करत नाही. काकू बराच वेळ बघत होत्या, कपड्याचा उसवलेला भाग बघावा तशा. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर फरशीवर ठेवलं. तिची कूस बघ, म्हणाल्या. वर-खाली होतेय, तो एक श्वास. मिनिटभर मोज. हात तसाच राहू दे. मी मोजले. चौसष्ट झाले. मला ते चांगलं की वाईट ते कळलं नाही. आता हात काढ, त्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत मागे जा, आणि थोडा वेळ तिच्याकडे बघू नकोस. मग मोज. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून बसले, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले, आणि मग तिरक्या डोळ्यानं मोजायला लागले. अठ्ठावीस.

मी पुन्हा जाऊन हात ठेवला. काकू नको म्हणाल्या नाहीत. चौसष्ट नव्हे, सत्तर.

काही वेळा आपल्याला जे कळतं ते डोक्यात आधी येत नाही. ते माझ्या तळहातात आलं. तीन आठवडे माझ्या हाताखाली जी मऊ, गरम, शांत पाठ होती, ती शांत नव्हतीच. ती आवळून धरलेली होती, आत एक इवलंसं इंजिन जिवाच्या आकांतानं चालू होतं, आणि मी वरून कुरवाळत होते आणि तिला बघायला माणसं बोलावत होते. तिचे डोळे केवढे मोठे आहेत म्हणून मी चष्मिषला कौतुकानं सांगितलं होतं. ते मोठे नव्हते. ते ताणलेले होते. काकू घड्याळ बांधत म्हणाल्या, असं होतं कधीकधी, दोन महिन्यांची असती तर एव्हाना मांडीवर आली असती, पण काही पिल्लं नाही येत. मग म्हणाल्या, माझीच नजर चुकली असेल. चष्म्याचा नंबर वाढलाय, त्या दिवशी मी स्वतः दात बघायला हवे होते.

मला वाटलं होतं, बोलता येणं म्हणजे झालं. खरं बोलणं ही त्याच्यापुढची वेगळी इयत्ता आहे हे तेव्हा कळलं. चौथीतली ती कडी घशात पुन्हा आली, तीच, तशीच थंड. काकू उठायला लागल्या, गुडघा कटकन वाजला. त्या दाराबाहेर गेल्या असत्या, आपल्या नजरेला दोष देत, आणि मी शांत व गुणी राहिले असते. मी म्हणाले, "काकू, मी दात पाहिले होते. मोठे होते. मी खोटं बोलले."

काकू पुन्हा बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही, आणि त्यामुळे मलाच सांगावं लागलं, की ती फिस्कारली नाही, माझ्याकडे बघत राहिली, मला वाटलं तिला मीच पाहिजे. हे सांगताना मला इतकी लाज वाटली की मी सगळं टाकीकडे बघून सांगितलं. काकू म्हणाल्या, ज्यांना पळायला जागा नसते ती दोन प्रकारची असतात. काही ओरडतात. काही मेल्यासारखी होतात आणि हे सगळं टळेपर्यंत वाट बघतात. मग आपल्या बोटावरचा सुईचा घट्टा चोळत त्यांनी सांगितलं, की एका बोक्याचा कान त्यांनीही राखला होता, फार वर्षांपूर्वी. तो अकरा वर्षं त्यांच्या मशीनमागे राहिला. धडधाकट, पोटभर खाऊन. अकरा वर्षांत एकदाही मांडीवर आला नाही. "त्याला मी जगवलं असं मी सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या. "तो सुखी होता का, ते मला आजही सांगता येत नाही."

मग त्यांनी सरळ सांगितलं, कापड बेतताना सांगतात तसं. ठेवलीस तर जगेल. रस्त्यापेक्षा जास्तच जगेल. कदाचित दोन वर्षांनी आपणहून येईल, कदाचित कधीच नाही. सोडलीस तर तिची आई अजून त्या बाकांवरच बसते, बहीण तिथे आहे, मी रोज खायला घालते. पण गाड्या आहेत, कुत्री आहेत, मी खोटं कशाला सांगू. आणि सोडायची तर कान राखलेला चालणार नाही. न कापलेल्या कानाची मांजर दिसली की दुसरं कुणी पकडेल, उपाशी ठेवेल, भूल देईल, पोट भादरेल, आणि मग त्यांना आधीचा व्रण दिसेल. त्यापेक्षा सोडण्याआधी आपणच तिला पुन्हा थोडी भूल देऊन टोक कापून घ्यायचं. तेवढा त्रास तिला आता आहेच, तो चुकत नाही. दोन्हींतलं काहीच चूक नाही, काकू म्हणाल्या, पण ठरव तू. कान तू राखलास. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून उचलला, आणि मग तो नुसता दाराच्या चौकटीवर ठेवला आणि चपला घातल्या.

ती संध्याकाळ मी दाराच्या आत, पण अगदी दारापाशी बसून काढली. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर, एकच पान. मला ती हवी होती. हे नीट लिहायला पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. मला ती इतकी हवी होती की कारणं आपोआप सुचत होती. गाड्या, कुत्री, पाऊस, उपाहारगृहवाल्याचा झाडू. सगळी खरी. दोन वर्षं काय, मी पाच थांबले असते. कपाटाखालून तिच्या नाकाचं टोक तेवढं दिसत होतं. आणि मला एकदम आत्या आठवली. आत्या माझी लाडकी, तिला मुलगी नाही. सुट्टीत आली की ती रोज माझे केस विंचरायची आणि दोन वेण्या घालायची, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. दुखायचं. खूप दुखायचं, कानामागे आग व्हायची. मी पाटावर बसून समोरच्या भिंतीवरचे पोपडे मोजायचे. आत्या मागून सगळ्यांना सांगायची, बघा कशी बसते, दुसऱ्या मुली नुसत्या किंचाळतात, हिला माझा हात आवडतो. तिच्या आवाजात इतका आनंद असायचा. तो आनंद मोडायची मला हिंमत नव्हती, आणि खरं तर तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की दुखणं सांगायचं असतं. आत्याचं माझ्यावर प्रेम होतं, यात काहीच खोटं नाही. आजही आहे. पण वेण्या सुटल्यावर मी न्हाणीघरात जाऊन कडी लावायचे, बोटं केसांत घालायचे आणि श्वास सोडायचे, तो श्वास मला आठवला. जसाच्या तसा. कपाटाखाली काहीतरी हललं. मी पुस्तकाकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळानं पिवळी बाहेर आली, जमिनीला पोट घासत, वाटीपर्यंत नाही, खिडकीपर्यंत. ती खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि उजेडात बसली. तीन आठवड्यांत मी तिला अख्खी अशी पाहिली नव्हती. तिची शेपूट केवढी लांब होती. ती बाहेर बघत होती आणि तिचे कान, दोन्ही अखंड, वेगवेगळ्या दिशांना फिरत होते, बाहेरच्या प्रत्येक आवाजाला एकेक, आणि मी त्यातल्या एकाही आवाजात नव्हते.

जेवायला हाक आली. बाबांनी खोका पूर्ण केला होता आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता, आम्ही कौतुक करावं म्हणून. गोल दाराची कड त्यांनी पॉलिश पेपरनं इतकी घासली होती की लोण्यासारखी लागत होती. म्हणाले, आता ही आपलीच, उद्या काकूंना कळवून टाक. आई म्हणाली, मला तर आता घर शांत वाटतं तिच्यामुळे. मी खोक्याच्या दारातून बोट फिरवत राहिले. मनात वाक्यं लावून आणली होती, मुद्देसूद, वादविवाद स्पर्धेत करते तशी. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणाले, आत्या वेण्या घालायची ना, त्या मला खूप दुखायच्या.

आईचा हात भांड्यावर थांबला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू तिच्या त्या डबीतला एक दात कमी निघालाय. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"येत नव्हतं," मी म्हणाले.

बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं माझ्या केसांकडे, जे मी आता खांद्यापर्यंत कापलेत. तिचे डोळे भरतायत असं दिसलं आणि मला ते नको होतं, म्हणजे आत्ता नको होतं, कारण ते बघून मी थांबले असते. तेव्हा मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. दात, डॉक्टरबाई, माझं खोटं, चौसष्ट, अठ्ठावीस, सत्तर. बाबा मध्येच म्हणाले, पण ती हात लावू देते. मी म्हणाले, बाबा, ती हात लावू देत नाही, ती हात संपायची वाट बघते. बाबांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि अगदी हळू परत लावलं. आई म्हणाली, तिथे थंडी असेल. हो, मी म्हणाले. आणि कुत्री. हो. मग हा खोका? बाबांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज असा झाला की माझा सगळा ठामपणा गळून पडला. खोका बाकांच्या ढिगाखाली ठेवता येईल, मी म्हणाले, बसेल तिथे. कुणीतरी त्यात झोपेल. ती झोपेलच असं नाही.

मग मी उभी राहिले, कारण बसून माझ्याच्यानं ते म्हणवत नव्हतं.

"शनिवारी मी तिला डॉक्टरबाईंकडे नेणार आहे. त्यांना खरं सांगणार आहे, आणि तिच्या कानाचं टोक कापून घेणार आहे. रविवारी तिला शाळेमागे सोडणार. आणि तोपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."